दहा सेकंदांत शाई गायब

…तर आत्याने स्वतःच्या हाताने त्या कोऱ्या पांढऱ्या शर्टावर शाई ओतली, इथवर आपण काल आलो होतो. चमचाभरच, जास्त नाही. पण एकतीस वर्षं जी बाई शाई काढत आली, तिने शाई ओतायची म्हणजे काय! बाटली नुसती हातात धरून बसली. भाची समोर मोबाइल धरून उभी. ती म्हणाली, "अगं आत्या, ओत ना! शर्ट काय चावतोय का तुला?"

"चावत नाही, पण बघतोय माझ्याकडे," आत्या म्हणाली, आणि डोळे बारीक करून ओतली एकदाची.

जे काल नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागे जातो, नाहीतर ते मध्येच विचारत बसतील की ही आत्या कोण आणि शर्ट कुणाचा.

रस्त्याच्या कोपऱ्यावर एक लाँड्री. पुढे काउंटर, काउंटरमागे इस्त्रीचं टेबल, तिथे धाकटा भाऊ. तो दिवसभर वाफेत उभा राहून इतका गुलाबी झालेला की नवीन गिऱ्हाईकाला वाटावं, हा नुकताच भांडून आलाय. मागे पडदा, आणि पडद्याआड एक अरुंद खोली. तिला एकच खिडकी, पण उजेड मोठा मायाळू. त्या खिडकीखाली पांढऱ्या फरशीचं टेबल, म्हणजे कपड्यातून काय खाली उतरलं ते लगेच दिसावं. टीपकागदांचा गठ्ठा, सुती फडकी, दाढीच्या ब्रशापासून दात घासायच्या ब्रशापर्यंत नऊ ब्रश, आणि बाटल्या. बाटल्यांवर आत्याच्याच अक्षरात चिठ्ठ्या. एका बाटलीवर नुसतं 'सांभाळून' एवढंच. आत काय आहे ते फक्त तिला ठाऊक.

ही आत्या म्हणजे भाऊची मोठी बहीण. भाऊच्या मुलीची ती आत्या, म्हणून सगळ्या रस्त्याचीच आत्या झाली. पोस्टमनसुद्धा पत्रावरचं नाव वाचत नसे, "आत्याचं आलंय" म्हणून टाकून जाई.

कपडा आला की ती तीन प्रश्न विचारायची. काय सांडलं? कधी सांडलं? आणि इथे आणण्याआधी तुम्ही त्याला काय काय केलंत? पहिल्या दोन प्रश्नांना लोक बऱ्यापैकी खरं बोलतात. तिसऱ्याला झाडून सगळे खोटं. "छे छे, हातसुद्धा लावला नाही," म्हणणाऱ्याच्या कपड्याला लिंबाचा, साबणाचा आणि टूथपेस्टचा असे तीन वास एकदम यायचे. पहिल्याच प्रश्नाला खोटं बोलणारेही भेटायचे म्हणा. एकदा एक वकील कोट घेऊन आले. म्हणाले, कॉलरवर कॉफी सांडली. आत्याने कोट खिडकीशी धरला, नाकाशी नेला, आणि हळूच विचारलं, "वकीलसाहेब, ही कॉफी कुठल्या दुकानात मिळते? माझी भाची ओठांना लावेल म्हणते." वकील कोट तिथेच टाकून पळाले. आठवड्याने कारकुनाला पाठवला न्यायला.

तीन प्रश्न झाले की ती डाग बोटाने चाचपायची आणि एक शब्द सांगायची. "जाईल." नाहीतर, "नाही जाणार." 'बघू', 'प्रयत्न करते', 'सांगता येत नाही' असलं काही तिच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नाही. तिने 'जाईल' म्हटलेला डाग एकतीस वर्षांत राहिला नाही. आणि 'नाही जाणार' म्हटल्यावर लोक निमूट कपडा घडी घालून घरी नेत, कारण आता पुढे कुणाला विचारण्यात अर्थ नाही हे त्यांना कळत असे. त्या एका शब्दावर लाँड्री उभी होती. भाऊची इस्त्री काय, कुणीही फिरवतो. हे भाऊ स्वतःच म्हणायचा.

मग पलीकडच्या रस्त्यावर मशीनची लाँड्री निघाली. काचेचं दार, आत बारा मशीनं, कपडे गोल गोल फिरताना बघत लोक खुर्चीत बसतात. हळूहळू भाऊच्या हातात तापलेली इस्त्री, आणि टेबलावर काही नाही, असं व्हायला लागलं. त्यातच भाचीची ऑफिसातली नोकरी गेली. ती काउंटरवर येऊन बसली, मोबाइल हातात. दोन दिवस बघितलं आणि म्हणाली, "बाबा, आपलं काम चांगलंय हो, पण आपण दिसतच नाही कुणाला."

"दिसत नाही म्हणजे? एवढा मोठा बोर्ड आहे!"

"बोर्ड रस्त्यावरच्यांना दिसतो. आता रस्त्याकडे बघत कोण चालतंय?"

तिने मोबाइलवर लाँड्रीचं पान काढलं. फोटो टाकले. आणि एका दुपारी आत्याला म्हणाली, "लोक घरी काय चुका करतात ते दाखव ना. मी व्हिडिओ काढते."

आत्याच्या चेहऱ्यावर जे हसू फुललं ना! जन्मभराची तिची तक्रार हीच की लोक घरी रगडतात आणि मग माझ्याकडे आणतात. आता सगळ्या जगाला एकदम सांगायचं! ती नवीन साडी नेसून आली. भाची म्हणाली, फक्त हात दिसणार आहेत. तर म्हणाली, "असू दे, हातांना तरी कळेल मी नटलेय."

आणि मग तो शर्ट, भाचीने खास त्यासाठी विकत आणलेला. शाई ओतून झाली, छोटा गोल डाग पडला. आत्याने स्वच्छ फडकं घेतलं आणि सांगायला लागली, "हे बघा, असं करायचं नाही. असं गोल गोल रगडलं की काय होतं? शाई पसरते. बघा, पसरली की नाही?" चांगली चार मिनिटं बोलली. चार मिनिटांत 'रगडू नका' अकरा वेळा. बघता बघता डाग वाटीएवढा झाला, मग बशीएवढा. फडकं निळंशार. भाचीने व्हिडिओ त्याच संध्याकाळी पानावर टाकला.

एकसष्ट जणांनी पाहिला. त्यातले चाळीस नातेवाईक.

यानंतरचं आत्याला ठाऊक नव्हतं. तिच्याकडे बटणांचा जुना फोन, तो सकाळी उठवण्यापुरता. तिला एवढंच दिसलं, की पंधरा दिवसांनी दुकानापुढे रांग लागली.

रांग म्हणजे खरोखरची रांग! भाऊला तर आधी वाटलं, शेजारी काही अपघात झाला. एक बाई टेबलक्लॉथ घेऊन आत आल्या, पडदा सारून थेट खोलीत घुसल्या आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "हं, करा सुरू. मी वेळ मोजते."

"कसली वेळ?" आत्याने विचारलं.

बाई खो खो हसल्या. "वा! हे पण छान आहे तुमचं!"

दुसऱ्या दिवशी कॉलेजातली दोन मुलं आली, त्यांनी कपडा आणलाच नव्हता. त्यांना फक्त तिच्या हातांचा फोटो हवा होता. एका खानावळीचा आचारी शाई लागलेला अंगरखा घेऊन आला. आत्याने "दोन दिवसांनी न्या" म्हटल्यावर त्याचं तोंड असं उतरलं, जणू कुणी त्याच्या पानातलं काढून घेतलं. जाता जाता भाऊला म्हणाला, "इथे मुद्दाम हळू करतात वाटतं?"

रात्री जेवताना आत्या म्हणाली, "लोकांना काय झालंय रे?"

भाऊ म्हणाला, "ताई, काही का होईना, पण झालंय ते चांगलं झालंय." भाची ताटात बघून जेवत होती.

गुरुवारी घड्याळवाले आले.

घड्याळवाल्यांचं दुकान चार घरं सोडून. सत्तरीचे गृहस्थ, एक डोळा कायम बारीक, कारण जन्मभर त्यात भिंग धरलेलं. मुलगी लांब, दुसऱ्या देशात. तिने पहिल्या पगारातून बापाला पांढरा शर्ट पाठवलेला. आता तीन वर्षांनी ती शनिवारी घरी येणार, तिला घ्यायला तोच शर्ट घालून जायचं, असं त्यांनी ठरवलेलं. तोवर अंगाला लावलेला नाही. बुधवारी म्हणे घालून बघितला, आरशापुढे उभे राहिले, जरा रुबाब यावा म्हणून खिशाला शाईचं पेन लावलं. आणि पेन गळलं.

त्यांनी शर्ट टेबलावर पसरला. खिशापुरता डाग नव्हताच तो. छातीभर निळं आभाळ. कडा फिस्कटलेल्या, मध्ये कापडाची लव उठलेली.

"काय सांडलं ते दिसतंच आहे," आत्या म्हणाली. "आणण्याआधी काय केलंत?"

आणि घड्याळवाले, एकतीस वर्षांतला पहिलाच माणूस, या प्रश्नाला एका दमात खरं बोलले. "तुम्ही दाखवलंत तेच केलं, आत्याबाई. फडकं घेतलं, गोल गोल रगडलं. दहा सेकंद झाले, काही होईना. म्हटलं आपला हात बसला नसेल. अर्धा तास रगडलं. मग कढत पाणी घेतलं. तुमच्या हाताला काय गुण आहे तो आमच्या हाताला नाही."

"मी दाखवलं?" आत्याला वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झाला. "अहो, मी जन्मात कुणाला रगडायला सांगितलं नाही!"

घड्याळवाल्यांनी खिशातून मोबाइल काढला. भिंग लावलेल्या डोळ्याने शोधून शोधून एक व्हिडिओ लावला आणि तिच्यापुढे धरला.

गाणं वाजायला लागलं. वर मोठ्या अक्षरांत, 'दहा सेकंदांत शाई गायब! आत्याची जादू!' खाली पांढरा शर्ट, त्यावर बशीएवढा निळा डाग. दोन हात आले. फडकं गोल गोल फिरायला लागलं, आणि डाग आक्रसत गेला. बशीची वाटी झाली, वाटीचं नाणं झालं, आणि मग नुसतं पांढरं कापड.

हात आत्याचेच होते. लहानपणी दारात सापडलेलं उजव्या अंगठ्याचं वाकडं नखसुद्धा तिचंच. एकतीस वर्षांत या हातांना जे जमलं नव्हतं, ते त्या काचेत करून दाखवत होते. तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं, मग मोबाइलकडे, मग पुन्हा हातांकडे. क्षणभर तिला खरोखर शंका आली, की आपण हे केलं आणि विसरलो की काय.

"पुन्हा लावा," ती म्हणाली.

दुसऱ्यांदा तिने डागाकडे पाहिलंच नाही. फडक्याकडे पाहिलं. फडकं सुरुवातीला निळंशार होतं. डाग पुसता पुसता ते स्वच्छ होत चाललं होतं, आणि शेवटी दुधासारखं पांढरं.

"अगं बाई!" आत्या मटकन स्टुलावर बसली. "उलटा लावलाय!"

घड्याळवाल्यांना काही कळेना. त्यांनी मोबाइल फिरवून डोकं खाली, पाय वर करून बघितला.

"तसा नव्हे हो! शेवटून पहिल्याकडे! मी डाग पसरवत होते. हे करू नका म्हणून सांगत होते." तिचा आवाज चिरकला. "किती लोकांनी बघितलं असेल हे?"

घड्याळवाल्यांनी खालचा आकडा वाचला. "चार लाख अकरा हजार."

चार लाख लोक! आणि एकाचंही लक्ष फडक्याकडे गेलं नाही.

तिने हाक मारली, ती रस्त्यापलीकडे ऐकू गेली. भाची पडद्यातून आत आली, शर्ट पाहिला, मोबाइल पाहिला, आणि तिचा चेहरा भाऊच्या वाफेतल्या चेहऱ्याहून लाल झाला. भाऊही इस्त्री उभी करून धावत आला.

"अगं, मी काढला तेव्हा सरळच काढला होता," भाची म्हणाली. "टाकला पण सरळच. कुणी बघेचना! मग मोबाइलवर एक बटण असतं उलटं लावायचं, ते सहज दाबलं, ओततानाचा तुकडा कापला, वेग वाढवला, वर गाणं घातलं, आणि इतकं भारी दिसलं ते, आत्या… आणि सगळेच करतात गं असं."

"सगळे चोऱ्या करायला लागले तर?"

"पण यात खोटं काय आहे सांग! हात तुझे खरे, शाई खरी, शर्ट खरा. नुसता क्रम बदलला."

"अस्सं? मग भाऊचा पण काढ. इस्त्री फिरवतोय आणि कडक घडीचा शर्ट चुरगळत चाललाय. सगळं खरंच की त्यात!"

"मला कशाला मध्ये घेता?" भाऊ म्हणाला. मग जरा थांबून, हळू आवाजात, "ताई, बाहेर वीस माणसं उभी आहेत. सहा महिन्यांत पहिल्यांदा."

"ती वीस माणसं माझ्याकडे नाही आलेली रे. ती त्या बाईकडे आलीत." तिने मोबाइलकडे बोट केलं. मग टेबलावरच्या शर्टाकडे. "आणि हे बघ. यांना कुणी सांगितलं रगडा म्हणून? मी सांगितलं. आत्या म्हणते म्हणजे बरोबर असणार, म्हणून यांनी अर्धा तास रगडलं. आता उद्या मी कुणाला 'जाईल' म्हटलं तर त्याने का विश्वास ठेवायचा?"

घड्याळवाले बिचारे आपल्यामुळे घरात भांडण लागलं म्हणून शर्टाची घडी घालायला लागले.

"काढून टाकते," भाची म्हणाली. डोळ्यांत पाणी. बोटं भराभर चालली. "काढला. गेला." पण दोन मिनिटांनी पुन्हा मोबाइल तिच्यापुढे धरून उभी. "आत्या… लोकांनी उचललाय तो. दुसऱ्यांच्या पानांवर आहे. इथे आहे, इथे आहे." एका पानावर तर तेच हात, तेच वाकडं नख, कुठल्याशा पावडरीची जाहिरात करत होते. आत्याने तोंडावर हात घेतला. आपले हात कुठे कुठे कामाला जाऊन आले, आणि आपण इथे टेबलाशी बसलेलो!

मग तिने घड्याळवाल्यांच्या हातातून शर्ट काढून घेतला. पुन्हा पसरला. बोटाने चाचपला. "नाही जाणार," ती म्हणाली. "कडेचा जाईल. मधला राहणार. कढत पाण्याने बसलाय तो." आणि भाचीला म्हणाली, "काढ तुझा मोबाइल. सरळ काढ. आणि मी सांगेपर्यंत बंद करायचा नाही."

चाळीस मिनिटं चाललं. गाणं नाही, काही नाही. आत्याने पहिल्यांदा सांगितलं की तो आधीचा व्हिडिओ उलटा लावलेला होता, त्यात मी शाई पसरवत होते, आणि तो बघून या गृहस्थांचा शर्ट गेला, त्याला मी कारण आहे. भाचीने मोबाइलमागून म्हटलं, "आत्या नाही, मी." तेही आत गेलं. मग आत्याने शर्ट पालथा घातला, खाली टीपकागद, मागून थंड पाणी, फडक्याने नुसतं टिपायचं, कडेकडून आत. कागद निळा झाला की दुसरा. मध्ये घड्याळवाल्यांना शिंक आली, भाऊने डोकावून "चहा?" विचारलं, सगळं आलं त्यात. छातीभरचा डाग मुठीएवढा झाला, फिकट झाला, आणि तिथे थांबला. पुढे हलेना. आत्याने तो खिडकीशी धरून दाखवला. "एवढा राहिला. हा आता शर्टाबरोबरच जाईल."

"शनिवारी मुलीला काय सांगू?" घड्याळवाल्यांनी विचारलं.

"सांगा, आरशापुढे नखरे करत होतो."

घड्याळवाले हसले. अंगावर चढवूनच गेले शर्ट, ओलाच्या ओला.

नवीन व्हिडिओ दुसऱ्या दिवशी किती जणांनी बघितला? बऱ्याच जणांनी बघितला बरं का, कारण जुन्याच्या शोधात असलेले त्यावर येऊन आपटले. आणि खाली जे लिहिलं, ते भाची काउंटरवरून वाचायला लागली तेव्हा पडद्याआड आत्या ब्रश हातात धरून थिजली.

"'ही ती आत्या नाही. हातांवरून कळतं.'"

"काय?"

"'खऱ्या आत्याला परत आणा.' पुढचा, 'ही डुप्लिकेट आहे, हिला चाळीस मिनिटं लागली.' मग हा बघ, 'मशीनच्या लाँड्रीवाल्यांनी मुद्दाम बनवलेला व्हिडिओ.'"

भाऊला हसू आवरेना, आणि हसावं की नाही तेही कळेना. रस्त्यावर रांग नव्हती. तीन माणसं उभी होती. आत्या बाहेर आली. खोट्या हातांना लोकांनी खरं म्हटलं होतं ते तिने कसंबसं पचवलं होतं; आता खऱ्या हातांना खोटं म्हणत होते, हे काही तिच्या घशाखाली उतरेना.

"आणि हा एक आहे," भाची म्हणाली. "जाऊ दे, नको वाचायला."

"वाच."

"'पहिला व्हिडिओ खोटा होता असं तुम्हीच म्हणता. मग हा खरा कशावरून?' अशांना उत्तर नसतं द्यायचं आत्या. मी काढून टाकते."

आत्याने हातातला ब्रश काउंटरवर ठेवला. मग म्हणाली, "नको काढूस. एवढ्या सगळ्यांत हाच एक शहाणा दिसतो. बरोबर विचारलंय त्याने." तिने पदराला हात कोरडे केले, इस्त्रीच्या टेबलापाशी स्टूल ओढून बसली. "मी सांगते ते लिही. तुझ्या पदरचं काही घालू नको. ते लाल बदाम-बिदामही नको."

भाचीने लिहिलं ते असं, शब्दाला शब्द:

"बाळा, कशावरूनच नाही. हात दोन्ही वेळा माझेच होते, तेव्हा बघून तुला कळणार नाही. तू दुकानात ये. सकाळी नऊला उघडतं. डाग पडलेला कपडा आण, घरी काही करू नकोस, आणि मी काम करीन तेव्हा माझ्या शेजारी उभा राहा. जाणार नसेल तर आधीच सांगेन. आणि मी 'जाईल' म्हटल्यावर जर गेला नाही, तर इथेच येऊन सगळ्यांना सांग, मी भाचीला ते काढू देणार नाही."